निर्वात पंप आणि घरची मोटार

हैदराबादच्या नारायणगुडा भागात मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाची एक जुनी अडचण आहे. इमारतीच्या पोटातील ज्या तळघराला तेथील रहिवासी ‘सेलर’ म्हणतात, तेथे मोटारी एकमेकींना खेटून उभ्या असतात. मोटारीखाली शिरावे तर अंग वळविण्यास जागा नाही. बाहेर रस्त्यावर जॅक लावावा तर रहदारी थांबत नाही. जॅक घसरून मोटार अंगावर येण्याचे भय निराळेच. त्यामुळे स्वतःच्या मोटारीचे तेल स्वतःच्या हाताने बदलण्याची हौस पुष्कळांच्या बाबतीत मनातच राहते.

निर्वात पंपाने ही अडचण बरीचशी दूर केली आहे. उपकरण साधे आहे. एक घट्ट झाकणाचा डबा, त्यावर हाताने वरखाली करावयाचा दट्ट्या आणि एक लांब, बारीक नळी. इंजिनातील तेलाची पातळी पाहण्याची पट्टी ज्या भोकातून निघते, त्याच भोकातून नळी तळापर्यंत सोडावयाची. दट्ट्या काही वेळा चालविला की डब्यातील हवा बाहेर जाते आणि काळे पडलेले तेल नळीतून वर चढून डब्यात उतरू लागते. मोटारीखालचा नट सोडविण्याची गरज पडत नाही.

तेल वर चढते ते कशामुळे? पंप ते ओढतो, असे सहजच वाटते. वस्तुतः पंप काहीच ओढीत नाही. तो फक्त डब्यातील हवा कमी करतो. इंजिनातील तेलावर बाहेरच्या हवेचा भार पूर्वीइतकाच असतो, डब्यात मात्र तो घटलेला असतो. म्हणून बाहेरची हवाच तेलाला नळीत ढकलते. हा हवेचा भार इटलीतील तोरिचेल्ली ह्याने सतराव्या शतकात पाऱ्याच्या नळीने मोजून दाखविला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, 1650 च्या सुमारास, जर्मनीतील मागडेबुर्गचा महापौर ऑटो फॉन गेरिक ह्याने हवा काढण्याचा पंप तयार केला. धातूचे दोन अर्धगोल एकमेकांना जोडून त्याने त्यांतील हवा काढून घेतली, तेव्हा दोन्ही बाजूंना जुंपलेल्या घोड्यांनाही ते सहजासहजी विलग करता येईनात.

समुद्रसपाटीला हा भार पाण्याचा सुमारे 10 मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. विहिरीवरील शोषक पंप त्याहून खोल पाण्याला हात लावू शकत नाही, ह्याचे कारण हेच. हैदराबाद समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंचीवर असल्याने तेथे हा भार सुमारे सहा टक्क्यांनी कमी भरतो. मोटारीतील तेल तर जेमतेम एक मीटर चढवावयाचे असते. तेव्हा येथे उंचीची अडचण नाही. अडचण आहे ती तेलाच्या दाटपणाची.

म्हणूनच इंजिन पाच-सात मिनिटे चालवून, तेल कोमट करून मग कामास लागावे. कोमट तेल पातळ होते आणि बारीक नळीतून सुलभतेने वाहते. मात्र ते कढत असता कामा नये. हात भाजेल आणि नळीही मऊ पडेल. मोटार सपाट जमिनीवर उभी असावी. नळी तळाला टेकली की किंचित वर घ्यावी, आणि गुरगुर ऐकू येऊ लागली की थोडी सरकवून पाहावी. त्या आवाजाचा अर्थ, नळीच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा आली आहे.

सर्वांत महत्त्वाचे काम मोजण्याचे आहे. लहान मोटारीत साधारणतः तीन-साडेतीन लिटर तेल असते. नेमका आकडा मोटारीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. डब्यात अर्धा लिटर कमी आले, तर इंजिनाने मध्यंतरी तेल खाल्ले तरी असावे किंवा नळी तळापर्यंत पोहोचली नसावी. नवे तेल अंदाजाने पुरे ओतले तर ते प्रमाणाबाहेर होईल आणि तेही इंजिनाला अपायकारकच. तेव्हा थोडे थोडे ओतून पट्टीवर पातळी पाहणे हाच राजमार्ग. शिवाय तेलाची गाळणी निर्वात पंपाने बदलत नाही. पुष्कळ मोटारींत ती खालच्या बाजूसच असते. तळाशी साचलेला जड गाळही खालचा नट काढल्याविना पुरता निघत नाही. म्हणून वर्षादोनवर्षांनी एकदा तरी मोटार मिस्त्रीकडे न्यावी आणि तेल खालून सोडवून घ्यावे.

येथवर चूक झालीच तर नुकसान इंजिनाचे. ब्रेकच्या बाबतीत प्रश्न जिवाचा आहे. सर्वजण ज्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात ते तेल नव्हेच. बहुतेक मोटारींत तो ग्लायकोल जातीचा द्रव असतो आणि तो हवेतील ओलावा शोषून घेतो. नावाला भुलून त्यात साधे तेल ओतले तर आतील रबरी वायसर फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. ‘डॉट 3’ प्रकारचा ताजा द्रव किमान 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओलावा मुरलेल्या द्रवासाठी हीच मर्यादा 140 अंशांवर येते. हैदराबादहून श्रीशैलमला जाणाऱ्या घाटात ब्रेक वारंवार दाबावा लागला की चाकाजवळचा द्रव तापतो. तो उकळला तर त्यात वाफ होते. वाफ दाबली जाते, आणि पायाखालचा ब्रेक मऊ पडून खाली जातो.

हा द्रव बदलताना प्रथम वरच्या टाकीतील जुना द्रव पंपाने काढून खुणेपर्यंत नवा भरावा. मग पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमाने एकेका चाकाशी जावे. तेथील लहान नळाला नळी लावून, डबा निर्वात करून, नळ पाव फेरा सैल करावा. स्वच्छ द्रव दिसू लागला की आधी नळ बंद करावा, मगच नळी काढावी. ह्या वेळी नळीत बुडबुडे दिसतात आणि नवखा माणूस गोंधळतो. पुष्कळदा ती हवा ब्रेकच्या आतली नसते. सैल केलेल्या नळाच्या आट्यांतून बाहेरची हवाच आत शिरत असते. जी हवा तेलाला ढकलते तीच येथे फसविते. म्हणून बुडबुड्यांवर निकाल न देता ब्रेक पायाने दाबून पाहावा. तो टणक लागला पाहिजे आणि दाबून धरल्यास खाली सरकता कामा नये. तसे नसेल तर मोटार जागची हलवू नये.

काम चालू असता वरची टाकी रिकामी होऊ देणे ही तर मोठीच चूक. आत हवा शिरली की सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. आणि ज्या मोटारींत चाके घसरू न देणारी ब्रेकव्यवस्था आहे, तेथे अडकलेली हवा काढण्यास कारखान्यातील खास उपकरणही लागू शकते. म्हणून टाकीजवळ लक्ष ठेवण्यास घरातील एखादे जाणते माणूस उभे करावे.

पेट्रोलला ह्या पंपाने हात लावू नये. पूर्वी ड्रायव्हर रबरी नळी तोंडात धरून पेट्रोल ओढीत. तत्त्व हेच, पंपाच्या जागी माणसाची छाती. ते पेट्रोल चुकून फुप्फुसात गेले तर प्राणावर बेतते. विजेवर चालणाऱ्या पंपाने पेट्रोल काढणेही तितकेच घातक, कारण तळघरात वाफा साचतात आणि त्यांना एक ठिणगी पुरते. रेडिएटरमधील रंगीत पाणीही विषारी असून चवीला गोड असते. ते उघड्या भांड्यात ठेवले तर मूल किंवा कुत्रे तोंड लावील.

शेवटचा प्रश्न डब्यात जमलेल्या काळ्या तेलाचा. सेलरच्या कोपऱ्यात गटाराची जाळी असते आणि मोह होतो. पण हुसेनसागराचे जादा पाणी नेणारा नाला ह्याच परिसरातून पुढे मुशी नदीला मिळतो. जाळीत ओतलेले तेल कुठे जाते हे त्यावरून उमगावे. वापरलेले तेल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, आणि ते गोळा करून पुन्हा शुद्ध करविण्याची जबाबदारी 1 एप्रिल 2024 पासून तेल उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. त्यात पाणी किंवा ब्रेकचा द्रव मिसळला तर शुद्धीकरण कठीण होते. प्रत्येक द्रव निराळ्या डब्यात, झाकण लावून, वर चिठ्ठी डकवून ठेवावा आणि वापरलेले तेल घेणाऱ्या गॅरेजात पोहोचता करावा. तेल बदलण्यास रविवारची सकाळ दिली असेल, तर हा डबा नेऊन देण्यास संध्याकाळचा अर्धा तास राखून ठेवावा. तो दिल्याखेरीज काम पुरे झाले असे समजू नये.