वावडे नेमके कशाचे?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व शिक्षकांपुढे केलेले भाषण)



समारंभाच्या दिवशी डॉक्टरने लांबण लावू नये, हे मी जाणतो. म्हणून एकच विषय घेतो : ॲलर्जीची तपासणी, आणि तिच्या आधारे मुलांच्या ताटातून काढून घेतले जाणारे अन्न.

आपल्या भाषेत 'वावडे' हा जुना शब्द आहे. अमुक वस्तू अमक्याला सोसत नाही, एवढेच तो सांगतो. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी योजला. त्यामागचे कारण उलगडण्यास मात्र आणखी साठ वर्षे लागली. अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी रक्तातील एक प्रतिपिंड शोधून काढले. १९६८ साली त्याला 'आय-जी-ई' हे नाव मिळाले. शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजून त्याच्याविरुद्ध आय-जी-ई तयार करते. तो पदार्थ पुन्हा पोटात गेला की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते. क्वचित जिवावरही बेतते.

हे ओळखण्यासाठी पदार्थाच्या अर्काचा थेंब हातावर ठेवून सुईने हलके टोचतात, किंवा रक्तातील आय-जी-ई मोजतात. या चाचण्या उपयुक्त आहेत. पण अर्क म्हणजे अनेक प्रथिनांचे मिश्रण. चोरी एकाने करावी आणि फौजदाराने सारा गाव धरून न्यावा, तसा प्रकार होतो. चोर कोणत्या गावचा हे कळते, कोणत्या घरचा हे कळत नाही.

ते घर दाखविण्याचे काम रेणवीय चाचणी करते. १९८८ साली घरच्या धुळीतील सूक्ष्म किड्याच्या एका प्रथिनाचा जनुक वेगळा करण्यात आला. तेव्हापासून अशी प्रथिने एकेक करून शुद्ध स्वरूपात तयार होऊ लागली. आज थोड्याशा रक्तावर शंभराहून अधिक प्रथिने एकाच वेळी तपासता येतात. 'रेणवीय' म्हटले की मुलाच्या आनुवंशिकतेची परीक्षा, असा पुष्कळांचा समज होतो. तो बरोबर नाही. नेमक्या कोणत्या प्रथिनाविरुद्ध आय-जी-ई आहे, एवढेच येथे पाहतात.

याचा उपयोग काय? अंड्याचे उदाहरण घ्या. पांढऱ्या बलकातील ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन उष्णतेने बिघडते. ओव्होम्युकॉइड मात्र उष्णतेला दाद देत नाही. मुलाचे वावडे फक्त पहिल्याशी असेल, तर भाजलेल्या केकमधील अंडे त्याला पचण्याचा संभव पुष्कळ असतो. दुसऱ्याशी असेल, तर अधिक जपावे लागते.

दुसरे उदाहरण कोळंबीचे. कोळंबीतील मुख्य त्रासदायक प्रथिन ट्रोपोमायोसिन आहे, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. त्यात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे सुब्बा राव यांचा वाटा होता. याच्याशी फार मिळतेजुळते प्रथिन झुरळात आणि धुळीच्या किड्यातही असते. त्यामुळे धुळीने शिंकणाऱ्या माणसाचा कोळंबीचा अहवालही 'पॉझिटिव्ह' येऊ शकतो, जरी तो आयुष्यभर कोळंबी सुखाने खात आला असला तरी! उलट, कोळंबीने खरोखर त्रास होणाऱ्याने पापलेट-सुरमई सोडलीच पाहिजे असेही नाही. माशातील मुख्य त्रासदायक प्रथिन निराळे आहे.

मित्रहो, माझे सांगणे एवढेच, की अहवाल म्हणजे रोग नव्हे. आय-जी-ई सापडले म्हणून त्रास होतोच असे नाही. लांबलचक यादी हाती येते आणि घरात दूध बंद, अंडे बंद, शेंगदाणे बंद, मासे बंद. वाढत्या वयाच्या मुलाला त्यांच्या जागी काय देणार? ज्या घरी अंडे हाच परवडणारा सकस आहार, तेथे विनाकारण पथ्य म्हणजे मुलावर अन्यायच.

रेणवीय चाचणीलाही मर्यादा आहेत. ती महाग आहे. आपल्या आहारातील सगळीच प्रथिने तिच्यात नसतात. काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, हा वृत्तांतच पहिली तपासणी. शंका उरल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली, इस्पितळात, तो पदार्थ थोडा थोडा खाऊ घालून खात्री करतात. हा प्रयोग घरी कोणीही करू नये.

शिक्षकांना एक विनंती. ज्या मुलाचे वावडे खरे आहे, त्याच्या डब्याची थट्टा होऊ देऊ नका आणि त्याला आग्रहाने काही भरवू नका. खाल्ल्यावर धाप लागली, घसा आवळला, भोवळ आली, तर वाट पाहू नका. अशा वेळी मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच खरा उपाय. पित्ताच्या गोळीवर विसंबू नये. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिले असल्यास ते कोठे ठेवले आहे हे वर्गशिक्षकांस ठाऊक असावे, आणि मुलाला तातडीने इस्पितळात न्यावे.

जे खरोखर टाळायचे ते कसोशीने टाळावे. जे टाळण्याचे कारण नाही ते मुलाला पोटभर खाऊ द्यावे. एवढा विवेक या नव्या चाचणीने वाढला, तर तिचे सार्थक झाले.