‘या वयातसुद्धा’ नको



आत्ता माझी ओळख करून देताना ‘कर्नल’ हा शब्द तीनदा आला. त्याबद्दल आभार. पण गिटार घेऊन कार्यक्रमाला जातो, तेव्हा मी आयोजकांना आधीच सांगून ठेवतो की नुसतं नाव घ्या. हुद्दा नको आणि वय तर अजिबात नको. असं का सांगतो, तेच आज बोलायचं आहे. साठीनंतर पहिल्यांदा लोकांसमोर बसणाऱ्या कुणाही हौशी माणसाला ते उपयोगी पडेल, मग त्याच्या हातात गिटार असो, पेटी असो की बासरी.

मी लोकांसमोर पहिल्यांदा वाजवलं ते ६१व्या वर्षी. गिटार मात्र त्याआधी ३५ वर्षं घरात होती. तोफखान्यात कॅप्टन असताना घेतली आणि बदलीच्या प्रत्येक गावी ट्रंकांबरोबर फिरली. रात्री जेवण झालं की अर्धा तास वाजवायचं, तेही दार लावून. बायको म्हणायची, “अहो, दार तरी उघडं ठेवा, आम्हालाही ऐकू द्या.”

सैन्यात बडाखाना असतो. अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात, आणि पुष्कळदा जवान गाणी-नकला सादर करतात. अधिकारी पुढच्या सोफ्यांवर बसतात. त्या सोफ्यावर मी पुष्कळ वर्षं बसलो. समोर एखादा विशीतला जवान ढोलकीच्या साथीनं गायला उभा राहायचा. सगळी युनिट बघतेय, सीओ साहेब बघतायत, आणि हा डोळे मिटून सूर लावतोय. त्याला किती हिंमत लागत असेल, ते मला सोफा सोडल्यावर कळलं.

परेडवर ८०० माणसांसमोर हुकूम देताना माझा आवाज कधी कापला नाही. पण १५-२० माणसांसमोर गिटार घेऊन बसलो आणि उजव्या हाताची बोटं कापायला लागली. कारण सरळ आहे. परेडवर माझ्या पाठीशी हुद्दा असतो. गिटारच्या तारेला हुद्दा कळत नाही. नीट दाबली नाही तर ती खरखरते, मग बोट कर्नलचं असो की कॉलेजातल्या पोराचं.

हुद्दा बाजूला ठेवला की आपली माणसं प्रेमानं दुसरी ढाल हातात देतात, ती म्हणजे वय. आमच्या सिकंदराबादेत मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मी दोन भावगीतं वाजवली. टाळ्या भरपूर पडल्या. नंतर प्रसादाच्या रांगेत आठ-दहा जणांनी हात हातात घेऊन सांगितलं, “कमाल आहे हो तुमची, या वयातसुद्धा!” ते मनापासून बोलत होते, मला त्यात काडीचीही शंका नाही. पण गाण्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. कौतुक झालं ते माझ्या जन्मतारखेचं.

या कौतुकात एक धोका आहे. नुसतं खुर्चीत जाऊन बसलं तरी टाळ्या मिळणार असतील, तर घरी जाऊन तो अवघड तुकडा पुन्हा कशाला घासायचा? ‘या वयातसुद्धा’ ऐकायची सवय लागली की शिकणं तिथंच थांबतं.

त्यानंतर महिन्याभरात मी एका कॅफेत ओपन माइकला गेलो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो : आधी यादीत नाव द्यायचं, नंबर आला की दहा-एक मिनिटं मिळतात, मग पुढचा. तिथं सगळी विशी-पंचविशीतली मुलं. कॉफीचं मशीन फुसफुसतंय, निम्मे लोक फोनमध्ये. माझं वाजवून झालं, बेताच्या टाळ्या पडल्या. मी गिटार पिशवीत घालत होतो तेवढ्यात एक मुलगा आला आणि खास हैदराबादी हिंदीत म्हणाला, “अंकल, वो दूसरे गाने में अंगूठे से जो बजाए, वो कैसा बजाए?” पंधरा मिनिटं आम्ही जिन्याच्या पायरीवर बसून फक्त अंगठ्याबद्दल बोललो. मी आधी काय करत होतो, माझं वय काय, त्यानं विचारलंच नाही. मला हवं होतं ते हेच.

आता प्रश्न असा की आपलं वाजवणं असं ऐकलं जावं, यासाठी तयारी काय करायची? फौजी माणूस आहे, त्यामुळे मुद्दे घालूनच सांगतो.

पहिला मुद्दा : वाजवणं आणि लोकांसमोर वाजवणं ही दोन वेगळी कामं आहेत. खोलीत आपण अडलो की थांबतो, मागे जातो, पुन्हा सुरू करतो. वर्षानुवर्षं हेच केलं की हाताला थांबायचीच सवय लागते. लोकांसमोर ठेका थांबवता येत नाही. म्हणून रोजच्या सरावाचे दोन भाग करा. एका भागात हवं तितकं थांबा, तुकडे घासा. दुसऱ्या भागात फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाच वाजवा, काहीही झालं तरी न थांबता. ऐकणाऱ्याला निसटलेला एक सूर क्वचितच आठवतो, तुटलेला ठेका मात्र हमखास कळतो.

दुसरा मुद्दा : थरथर. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं. छाती धडधडते, मोठ्या स्नायूंकडे रक्त वळतं, बोटं गार पडतात. पळायचं किंवा लढायचं असेल तर ही व्यवस्था उत्तम आहे. तार छेडायला मात्र ती काही कामाची नाही. हे कुणालाही होतं. पाब्लो काझाल्ससारख्या जगद्विख्यात चेलोवादकालाही कार्यक्रमाआधीच्या भीतीनं आयुष्यभर सोडलं नाही. त्यामुळे भीती जाण्याची वाट बघू नका, तिला धरून बेत आखा. अर्धा तास आधी पोहोचा. हात कोमट पाण्यानं धुवा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. पहिलं गाणं असं निवडा की झोपेतून उठवलं तरी वाजवता येईल. आणि सुरू करण्याआधी दोन मात्रा मनात मोजा, कारण छाती धडधडत असते तेव्हा गाण्याची नेहमीची लय आपल्याला संथ वाटते आणि हात पळायला लागतो.

आमच्या मेसमध्ये यावर रमचा एक पेग हा रामबाण उपाय सांगतील. तो नको. पेगनं भीती कमी होईल, पण बोटंही सुस्तावतील. काही वादक डॉक्टरांच्या सल्ल्यानं बीटा ब्लॉकरची गोळी घेतात. दमा असेल किंवा नाडी मुळात मंद असेल तर ती गोळी धोक्याची ठरू शकते. मित्रानं दिली म्हणून घेऊ नका.

तिसरा मुद्दा : वाद्य स्वतःला जुळवून घ्या. साठीनंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, बोटांची पेरं सकाळी आखडलेली असतात. अकूस्टिक गिटारवर बहुधा १२ गेजच्या स्टीलच्या तारा असतात. त्याऐवजी १० किंवा ११ गेजच्या लावा, किंवा सरळ नायलॉनच्या तारांची गिटार घ्या. दुकानात सांगून तारांची उंची कमी करून घ्या. सगळी गिटार अर्धा सूर खाली उतरवली तर तारांवरचा ताण साधारण ११ टक्क्यांनी कमी होतो. गाणाऱ्यांना त्याचा आणखी एक फायदा आहे. तरुणपणी सहज लागणारा वरचा सूर आता ओढूनताणून लागतो. अर्धा-एक सूर खाली आलं की गळाही मोकळा होतो. आणि सहाही तारा एका बोटानं दाबायचा तो ‘एफ’चा कॉर्ड छळत असेल, तर कॅपो लावून गाणं सोप्या कॉर्ड्समध्ये आणा.

कुणी म्हणेल ही पळवाट आहे. त्यांना मी जँगो राइनहार्टचं उदाहरण देतो. १९२८ साली आगीत त्याचा डावा हात भाजला आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट जवळजवळ निकामी झालं. तो उरलेल्या दोन बोटांवर एकल वादन करायला शिकला आणि युरोपातल्या जॅझ गिटारचा सगळ्यात मोठा माणूस ठरला. जे गेलं त्याचं रडगाणं न गाता, जे आहे त्यातून त्यानं नवी पद्धत काढली. आपला प्रश्न त्या मानानं फारच लहान आहे.

चौथा मुद्दा : कान. तोफांच्या आवाजात नोकरी झाली. अशा आवाजानं ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यातलं ऐकणं आधी जातं, आणि वयानं वरचे आवाज तसेही कमी होतात. गिटारची सगळ्यात पातळ तार मोकळी वाजवली तर तिचा मूळ सूर ३३० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे सूर मला ऐकू येतो. पण तारेची चमक, नखाचा टणत्कार, शब्दांतले ‘स’ आणि ‘श’ हे सगळं वरच्या पट्ट्यात असतं. म्हणून दोन नियम पाळतो. सूर लावायला क्लिपचा ट्यूनर. तो गिटारच्या टोकाला चिमट्यासारखा बसतो आणि लाकडाच्या कंपनावरून सूर ओळखतो, त्यामुळे हॉलमध्ये कितीही गोंगाट असला तरी चालतं. आणि साउंड चेकच्या वेळी एखाद्या तरुण माणसाला मागच्या रांगेत उभं करून विचारतो, “फार टोचतंय का? शब्द कळतायत का?” तो सांगेल तसं मिक्सरवाल्याला सांगायचं. अधिकारी माणसाला दुसऱ्याच्या कानावर विसंबणं सोपं जात नाही, पण नातवंडांच्या वयाच्या मुलांशी माझी मैत्री यातूनच झाली.

पाचवा मुद्दा : पायऱ्या चढत जा. आधी घरातली दोन माणसं. मग सोसायटीच्या गच्चीवर आठ-दहा. मग ओपन माइक, जिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही. मंडळाचा मोठा कार्यक्रम त्यानंतर. कोजागिरीला गच्चीवर जमलेली मंडळी हे उत्तम पहिलं मैदान आहे. आणि दहा गाणी अर्धवट बसवण्यापेक्षा तीन पक्की बसवा. शब्द विसरण्याची धास्ती असेल तर प्रत्येक कडव्याचा पहिला शब्द मोठ्या अक्षरात एका कार्डावर लिहा आणि ते पायाशी ठेवा. डोळ्यांसमोर स्टँड आणि वही आली की ऐकणाऱ्याचा आणि आपला संबंध तुटतो.

वयाची एवढी अडचण असेल तर हे करायचंच कशाला, असं तुम्ही विचाराल. जगातले मोठे वादक वयाचा प्रश्न फार लांब ढकलतात. सेगोव्हिया नव्वदी ओलांडल्यावरही गिटारचे कार्यक्रम करत होते. आपल्याच देशात, शिलाँगचे लू माजॉ १९७२पासून दर २४ मे रोजी बॉब डिलनच्या वाढदिवसाला त्याची गाणी गात आले आहेत. पण ही आयुष्यभर मंचावर राहिलेली माणसं. मला हौशी माणसांकडून जास्त बळ मिळतं. मराठी माणसाला ‘हौशी’ या शब्दाची लाज वाटायचं कारण नाही. राज्य नाट्य स्पर्धेत बँकेतले कारकून, शिक्षक, एसटीतले कर्मचारी ऑफिस सुटल्यावर तालमी करतात आणि परीक्षकांसमोर उभे राहतात. त्यांना कुणी ‘नोकरी करूनसुद्धा’ असे जादा गुण देत नाही, आणि ते मागतही नाहीत. ज्यांचं भावगीत मी मंडळात वाजवलं ते अरुण दाते इंदूरचे, शिक्षणानं टेक्स्टाइल इंजिनिअर. नोकरी सांभाळून ते गात राहिले. ऐकणाऱ्यानं त्यांची पदवी पाहिली नाही, आवाज ऐकला.

माझं स्वतःचं कारण आणखी साधं आहे. माझ्या कानांची तपासणी दर वर्षी होते आणि कागदावरची ती रेघ दर वर्षी थोडी खाली उतरते. बोटंही कायम अशी राहणार नाहीत. ३५ वर्षं मी बंद दाराआड जे वाजवलं ते फक्त मला ऐकू आलं. उद्या मलाच ते नीट ऐकू येणार नसेल, तर ते आणखी कुणाच्या तरी कानात पोहोचलेलं असावं, एवढी माझी इच्छा आहे. आणि ते गाणं म्हणून पोहोचावं, म्हाताऱ्याची हौस म्हणून नव्हे.

म्हणून तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. इंदूर, बडोदा, बेळगाव, बंगळूर, दिल्ली, जिथं कुठं तुम्ही हे बघत किंवा वाचत असाल, तिथल्या मंडळांनी वर्षातून एक संध्याकाळ अशी ठेवा की कलाकाराचं फक्त नाव आणि गाण्याचं नाव जाहीर होईल. वय, पद, पुरस्कार काही नाही. आणि कार्यक्रमानंतर एखाद्या पांढऱ्या केसांच्या वादकाला भेटाल, तेव्हा त्यानं काय वाजवलं त्याबद्दल एक प्रश्न विचारा. आवडलं नसेल तर तेही सांगा. तो दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सरावाला बसेल.