एसीतलं झाड आणि आजीचं बोट

आजचा भाग छोटा आहे आणि थोडा कबुलीजबाबासारखा. मी एक झाड जवळजवळ मारलं होतं, त्याची ही गोष्ट.

राजापूरजवळ आमच्या गावच्या घरी विहिरीच्या कठड्यावर नेचे उगवतात. गणपतीत गेलो होतो तेव्हा आजीने त्यातला एक झुपका मुळासकट काढून ओल्या फडक्यात गुंडाळून दिला. म्हणाली, "बोट घालून बघ, मग पाणी घाल." पौषात आजी गेली. त्यामुळे तो झुपका माझ्यासाठी नुसतं झाड उरला नव्हता.

घणसोलीच्या गॅलरीत तो मजेत होता. एप्रिलमध्ये ऊन वाढलं म्हणून मी लाडाने आत आणला. छिद्र नसलेल्या छान सिरॅमिकच्या कुंडीत लावला आणि डेस्कवर, एसीच्या बरोबर समोर ठेवला. माझं घरूनच काम, एसी दिवसभर 20 वर. दोन आठवड्यांत पानांची टोकं तपकिरी झाली. वाटलं, पाणी कमी पडतंय. मोबाईलवर रोज सकाळी नऊचा रिमाइंडर लावला. टोकं आणखी करपली, मी आणखी पाणी घातलं. शेवटी कुंडीतून कुजका वास यायला लागला. उपटून बघितलं तर मुळं काळी आणि लिबलिबीत.

म्हणजे वर पानं कोरडी पडत होती आणि खाली मुळं बुडत होती. एकाच वेळी!

हे कसं होतं बघा. एसीच्या आतली कॉइल थंड असते. खोलीतल्या हवेतली वाफ तिच्यावर जमते आणि पाइपातून बाहेर ठिबकते. गॅलरीतल्या बादलीत साचणारं ते पाणी आपल्याच खोलीतला ओलावा असतो. मी एक साधा आर्द्रतामापक आणला, तर बाहेर 75 टक्के, आत 46. त्यात थेट झोत आला की पानातलं पाणी आणखी भराभर उडतं. नेच्यासारख्या नाजूक पानांना ते झेपत नाही.

पण मातीचं उलटं असतं. खोलीत उजेड कमी, गारवा जास्त, त्यामुळे झाड हळू वाढतं आणि पाणीही हळू पितं. माती वरून सुकलेली दिसते, खाली मात्र चिखल. मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. आम्ही कोडवाले याला म्हणतो, एरर एका फाइलमध्ये दिसतेय आणि बग दुसरीकडेच आहे.

मग करायचं काय? पहिलं, झाड झोतातून बाजूला काढा आणि खिडकीजवळ न्या. दुसरं, कुंडीला छिद्र हवंच. तिसरं, बोट दोन पेरं मातीत घाला. नेचा असेल तर वरचा थर सुकायला लागला की पाणी द्या. स्नेक प्लांट किंवा झीझी असेल तर माती पूर्ण सुकू द्या. चौथं, तीन-चार कुंड्या जवळजवळ ठेवा, आजूबाजूची हवा थोडी दमट राहते. स्प्रेने पाणी मारून फार फरक पडत नाही, ते काही मिनिटांत उडून जातं. आणि एसी 24-25 वर ठेवा. झाडालाही बरं, वीजबिलालाही.

नवीन झाड घेणार असाल आणि खोली दिवसभर एसीत असेल, तर मनीप्लांट, स्नेक प्लांट, झीझी घ्या. नेचे आणि कॅलेथिया यांच्या वाटेला जाऊ नका.

माझ्या नेच्याचं काय झालं? कुजलेलं सगळं कापून टाकलं. एक बोटभर तुकडा उरला, तीन मुळं शाबूत. तो छिद्राच्या प्लास्टिक कुंडीत लावून बाथरूमच्या खिडकीत ठेवला. तिथे उजेडही आहे आणि ओलही. जुलैमध्ये त्याला पहिलं गुंडाळलेलं पान फुटलं. मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

रिमाइंडर काढून टाकलाय. आता बोट घालून बघतो.

तुमच्या घरात एसीसमोर कुठलं झाड असेल तर आजच त्याची कुंडी उचलून बघा. जड लागली तर आज पाणी नको. भेटू पुढच्या भागात!