विद्यापीठातील विचारस्वातंत्र्य
(महोत्सवानिमित्त झालेल्या सभेत केलेले भाषण)



आपल्या संस्थेच्या महोत्सवात चार शब्द बोलण्यास आम्हांस पाचारण केलेत, याबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहोत. आम्ही शाळेत शिकवणारे. विद्यापीठाविषयी शाळामास्तराने काय बोलावे, अशी शंका कोणास येईल. परंतु विद्यापीठात जाणारी मुले आमच्याच बाकांवरून उठून जातात, आणि त्यांतील पुष्कळशी आपल्या संस्थेची शिष्यवृत्ती घेऊन जातात. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

आज हा विषय घेण्यास एक निमित्तही आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात एक अट घालावी, अशी सूचना काही सभासदांनी केली आहे. कोणत्याही सभेत, मोर्चात किंवा चळवळीत भाग घेणार नाही, असे विद्यार्थ्याने लिहून द्यावे आणि तसे न वागल्यास त्याची मदत बंद व्हावी, अशी ती अट. सूचना करणाऱ्यांच्या मनात मुलांविषयी माया आहे, हे आम्ही जाणतो. मुलाचे वर्ष बुडू नये, गरीब आईबापांच्या आशेवर पाणी पडू नये, संस्थेचे नाव वादात ओढले जाऊ नये, ही काळजी रास्तच आहे. तरीही ही अट घालू नये असे आमचे नम्र मत आहे. त्याची कारणे आपल्या या शहराच्या इतिहासातूनच मांडतो.

उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले. परकी भाषेवाचून वैद्यक, कायदा, शास्त्र हे विषय शिकवता येणार नाहीत असा समज सर्वत्र असताना या विद्यापीठाने ते उर्दूतून शिकवून दाखविले. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारले आणि हजारो पारिभाषिक शब्द घडविले. हे काम थोर होते, आणि त्याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण त्याच विद्यापीठात, कला महाविद्यालयाची भव्य दगडी इमारत पुरी होत आली असताना, १९३८ च्या अखेरीस जे घडले तेही विसरून चालणार नाही.

तो काळ संस्थानात मोठ्या खळबळीचा होता. परवानगीवाचून सभा घेण्यास बंदी करणारी ५३ नंबरची गश्ती लागू होती. स्टेट काँग्रेसवर बंदी आली होती आणि ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला होता. अशा वेळी वसतिगृहांतील हिंदू विद्यार्थी आपल्या प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी मनाई केली, मुलांनी ती मानली नाही. हैदराबादेत, औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि इतरत्रही हे लोण पोचले. शेकडो मुलांना विद्यापीठातून आणि वसतिगृहांतून बाहेर पडावे लागले. मराठवाड्यातून आलेली, कर्ज काढून शिकणारी मुले त्यांत होती. संस्थानातील कॉलेजांची दारे त्यांना बंद झाली.

तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना आपल्याकडे घेतले. कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांच्या प्रवेशाचा मार्ग मोकळा केला. वरंगळच्या कॉलेजातून असेच बाहेर पडलेले पी. व्ही. नरसिंह राव नागपुरास गेले. पुढे ते देशाचे पंतप्रधान झाले. आणि आपणां मराठी माणसांस आवर्जून सांगावेसे म्हणजे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. हैदराबादेस नको झालेली बुद्धी नागपुरास हवीशी झाली. तोटा कोणाचा झाला, हे आम्ही सांगावयास नको.

येथे एक गोष्ट आम्ही मोकळेपणाने सांगू इच्छितो. आम्ही मुसलमान आहोत. त्या गीताविषयी आमच्या समाजातील अनेकांच्या मनात धार्मिक संकोच आहे, हे आपण सर्व जाणता. मग त्या मुलांची बाजू आम्ही का घेतो? कारण ज्या तत्त्वाने त्यांना ते गीत म्हणण्याचा हक्क मिळतो, त्याच तत्त्वाने दुसऱ्या कोणास ते न म्हणण्याचा हक्क मिळतो. एकाचे तोंड बंद करणारा हुकूम आणि दुसऱ्याचे तोंड बळेच उघडावयास लावणारा हुकूम ही सख्खी भावंडे आहेत. आज आपल्याला आवडेल त्यानेच बोलावे असे म्हणू लागलो, तर उद्या खुर्चीवर माणूस बदलला की तोच नियम आपल्या मुलांवर उलटतो. आणि हैदराबादच्या खुर्चीवरील माणसे कितीदा बदलली, हे या सभागृहातील वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे.

हा प्रश्न हिंदू-मुसलमानांचा नव्हे, हेही येथील इतिहासच सांगतो. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान हे उस्मानियाचेच पदवीधर. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे ते निर्भयपणे लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये याच शहरात रझाकारांनी त्यांचा खून केला. ज्या समाजाच्या नावाने रझाकार बोलत, त्याच समाजातील हा तरुण. स्वतंत्र विचार करणाऱ्यावर पहिला वार बहुधा आपलेच लोक करतात.

संस्थान गेले, राज्यघटना आली. १९५० पासून प्रत्येक नागरिकास भाषणस्वातंत्र्य मिळाले. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ आयोगानेही विद्यापीठे स्वायत्त असावीत असाच आग्रह धरला. पण घटना लिहून झाली म्हणून सत्ताधाऱ्यांचा मोह सुटतो असे नाही. १९६६ साली आंध्र प्रदेश सरकारने उस्मानिया विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्त्या केल्या. कुलगुरूंची मुदत पाचावरून तीन वर्षांवर आणली, आणि एक कलम असे घातले की त्या वेळी पदावर असलेले कुलगुरू डी. एस. रेड्डी यांना मुदत संपण्याआधीच जावे लागावे. रेड्डी न्यायालयात गेले. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द ठरविले. न्यायालयाने आधार घेतला तो समानतेच्या हक्काचा. एकाच माणसास वेगळे काढून त्याच्यासाठी कायदा करणे त्यात बसत नाही, असा त्याचा अर्थ. पण विद्यापीठांना मिळालेला धडा मोठा होता. कुलगुरूच सरकारच्या मर्जीवर राहिला, तर त्याच्या हाताखालील प्राध्यापक निर्भयपणे काय शिकवणार?

परदेशातही हेच घडले आहे. आपली मुले ज्यांच्या परीकथा वाचतात ते ग्रिम बंधू जर्मनीत गॉटिंगेनच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. १८३७ साली हॅनोव्हरच्या राजाने राज्यघटना मोडीत काढली. सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला, त्यांत हे दोघे होते. साताही जणांना राजाने बडतर्फ केले. आज त्या राजाचे नाव कोणाच्या घरी घेतले जाते?

आता कोणी विचारील, मग मुलांनी वाटेल ते बोलावे आणि वाटेल ते करावे काय? मुळीच नाही. बोलणे वेगळे आणि दगड उचलणे वेगळे. दुसऱ्याची सभा उधळणे, वर्गाला कुलूप घालणे, कोणास धमकावणे, हे स्वातंत्र्य नव्हे. ते दुसऱ्याच्या स्वातंत्र्याची चोरी आहे. प्राध्यापकासही मर्यादा आहे. त्याने आपले मत जरूर सांगावे. पण विरुद्ध मताचा पुरावाही विद्यार्थ्यांसमोर ठेवावा, आणि उत्तरपत्रिका तपासताना मुलाचे मत नव्हे, त्याचा अभ्यास पाहावा. विद्यापीठातील स्वातंत्र्याची खरी कसोटी हीच आहे, की तेथे चूक मत दडपले जात नाही, ते तपासले जाते. चुकीचे मत पुढे येऊन खोडले गेले, तर दहा मुले शहाणी होतात. तेच दाबले गेले, तर ते मनात कुजते आणि रस्त्यावर फुटते.

शाळेत आम्ही रोज पाहतो. प्रश्न विचारणारे मूल शिक्षकास प्रथम अडचणीचेच वाटते. त्याला ‘खाली बैस’ म्हटले की वर्ग शांत होतो, पण त्या शांततेत शिकणे थांबलेले असते. पुढच्या खेपेस ते मूल हात वर करीत नाही, आणि त्याच्याबरोबर आणखी चार हात खाली येतात.

म्हणून विश्वस्त मंडळींस आमची विनंती अशी. शिष्यवृत्तीस अटी जरूर घालाव्यात. हजेरी नियमित असावी, परीक्षा उत्तीर्ण व्हावी, मारहाणीत किंवा नासधुशीत हात असल्याचे रीतसर सिद्ध झाले तर मदत थांबावी. परंतु मुलगा काय बोलला, कोणत्या सभेस गेला, कोणते गीत म्हणाला किंवा कोणते म्हणाला नाही, हे अर्जात विचारू नये. ज्याच्या घरी पैसा आहे तो असल्या अटीवाचूनच शिकेल. ती बांधेल फक्त गरिबाच्या मुलास. पोट आणि जीभ यांतून एक निवड, असे आपण त्यास सांगणार काय?

त्या वेळी ज्यांनी त्या मुलांना प्रवेश दिला, त्यांनी त्यांच्याकडून मौनाचा करार लिहून घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आपल्या संस्थेजवळ विद्यापीठ नाही, पण मदत मागावयास येणाऱ्याकरिता दार आहे. ते दार या महोत्सवी वर्षात अरुंद न होता अधिक रुंद व्हावे, एवढीच आमची प्रार्थना.