घरची वही : आठवड्याचा एक गृहपाठ

(पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





आजचा विषय गृहपाठाचा आहे. विषय लहान दिसतो, पण मगरीबनंतर आपल्या बहुतेक घरांत जी कटकट होते तिचे मूळ यातच आहे. मूल दिवसभर शाळेत असते. तिथून येऊन मक्तबमध्ये सबक घ्यायला जाते. काही मुले पुढे ट्यूशनला जातात. मग रात्री पेंगुळलेल्या डोळ्यांनी तोच धडा पुन्हा वहीत उतरवून काढायचा. आई विचारते, "झाला का अभ्यास?" मूल म्हणते, "झाला." दोघेही सुटतात.

मी पाचवी ते सातवीच्या वर्गांना मराठी आणि गणित शिकवितो. चौथी पास होऊन माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या वह्या मी पाहतो. अक्षर वळणदार असते, समास आखलेला असतो. पण त्याच वहीतले एखादे वाक्य वाचून त्याचा अर्थ सांग म्हटले, की कित्येक मुले मान खाली घालतात. उतरविणे आले, समजणे राहून गेले. हे एका शाळेचे दुखणे नाही. २०२४ सालच्या 'असर' या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहूनही थोड्या कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता आला.

आपल्या समाजाने याकडे अधिक काळजीने पाहिले पाहिजे. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती, किंवा मध्येच शाळा सोडून बसली होती, असे त्यात नमूद आहे. त्यानंतर परिस्थिती बदलत गेली. आज आपल्या मोहल्ल्यातली मुले-मुली दप्तर घेऊन शाळेत जातात, ही समाधानाची गोष्ट आहे. पण मूल शाळा सोडते ते एका दिवसात सोडत नाही. ज्या दिवशी वर्गात बोललेले त्याला कळेनासे होते, त्या दिवशी ते मनाने वर्गाबाहेर पडते. नाव पटावरून कमी होते ते पुढे तीन-चार वर्षांनी.

मग घरी आपण काय करावे? हा प्रश्न काढला की माझ्याकडे येणाऱ्या अनेक माता एकच उत्तर देतात : "सर, आम्हाला कुठे लिहिता-वाचता येते? तुम्हीच बघा." आज मला जे सांगायचे आहे ते या एका वाक्याविरुद्ध आहे. भगिनींनो, आपल्याला पुस्तक वाचता येत नसेल, पण आपल्या घरात जे ज्ञान आहे ते माझ्या फळ्यावर नाही. ते मुलांच्या वहीत आले पाहिजे.

काही पालक उलट तक्रार करतात, की शाळा गृहपाठ कमी देते. त्यांनी हे लक्षात घ्यावे : केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तर धोरणाने पहिली-दुसरीला गृहपाठ देऊच नये आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास द्यावा, असे सुचविले आहे. त्याआधी १९९३ साली प्रा. यशपाल समितीनेही मुलांवरील ओझ्याबद्दल देशाला सावध केले होते. तेव्हा पानांच्या संख्येवर अभ्यास मोजू नका.

माझी सूचना साधी आहे. रोजच्या नकलेऐवजी आठवड्याला एक काम. शंभर पानांची एक साधी वही करायची, तिचे नाव 'घरची वही'. शनिवारी काम सांगितले जाईल, पुढच्या शुक्रवारी वही आणायची. काम असे, की ते घरातल्या मोठ्या माणसाशी बोलल्याशिवाय पुरे होणार नाही. पहिली-दुसरीच्या मुलांनी लिहायचे नाही. बघायचे, मोजायचे आणि वर्गात येऊन सांगायचे. काही नमुने सांगतो.

पहिले काम मापाचे. घरात जुनी पायली किंवा शेराचे माप असेल तर ते बाहेर काढा. दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली, हे आपल्या नानी-दादीला तोंडपाठ आहे. मुलाने तांदूळ मापून बघावे. पायलीचा अर्धा म्हणजे अधोली आणि पाव म्हणजे शेर, हे त्याच्या हातांना एकदा कळले, की अपूर्णांकाचा धडा माझ्याकडून शिकायला त्याला वेळ लागत नाही. घरात माप नसेल तर पेला आणि तांब्या घ्या. एका तांब्यात किती पेले पाणी मावते ते आधी अंदाजाने सांगायचे आणि मग मोजायचे.

दुसरे काम विजेच्या मीटरचे. सात दिवस रोज एकाच वेळी मीटरचा आकडा लिहायचा. आजच्या आकड्यातून कालचा वजा केला की कालचा खर्च निघतो. कोणत्या दिवशी जास्त युनिट पडले आणि का, यावर घरात चर्चा करा. हजार वॅटची इस्त्री तासभर सतत तापली तर एक युनिट जळते, हे मुलाला कळले की ते आपण होऊन बटण बंद करील. वजाबाकीही होईल, आणि बिलही कमी येईल.

तिसरे काम शब्दांचे. आपल्यापैकी अनेकांच्या घरची बोली वेगळी आणि शाळेची मराठी वेगळी. त्यामुळे मूल वर्गात बोलायला बिचकते. आपली भाषा हलकी आहे असे त्याला वाटू लागते. त्याच्या वहीत दोन रकाने पाडा : एकात घरचा शब्द, दुसऱ्यात शाळेचा. घरी 'हिसाब', शाळेत 'हिशेब'. घरी 'कागज', शाळेत 'कागद'. घरी 'सिफारिश', शाळेत 'शिफारस'. तारीख, बाजार, दुकान, वकील हे तर दोन्हीकडे तेच. अरबी-फारसीतून आलेले असे कितीतरी शब्द मराठीने शतकानुशतके आपले मानले आहेत. बटाटा, चावी, पगार हे पोर्तुगीजांकडून आले, तेही तिने परके ठेवले नाहीत. ज्या मुलाने अशी दोन पाने भरली त्याला मराठी ही दुसऱ्याची भाषा वाटणार नाही.

चौथे काम चंद्राचे, आणि हे पूर्ण महिनाभर चालते. चाँद दिसल्यापासून रोज रात्री आकाश बघायचे आणि चंद्राचे चित्र काढायचे. ढगाळ असेल त्या दिवशी चौकोन रिकामा ठेवायचा. न बघता भरायचा नाही. महिना २९ दिवसांचा झाला की ३० चा, ते मुलाने स्वतः सांगावे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२४ साली आपल्याकडे पहिला रोजा १२ मार्चला होता, २०२५ साली २ मार्चला. पुढच्या पाच वर्षांचा अंदाज मुलांनी बांधावा. खाडीकाठच्या मुलांनी त्याच वहीत भरतीची वेळही लिहावी. ती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. हे होडीवर जाणाऱ्या आपल्या चाचांना कोणत्याही शाळेत न जाता माहीत असते. त्यांना विचारा. भूगोलाचा धडा त्यांच्या तोंडून ऐका.

पाचवे काम मुलाखतीचे. नाना किंवा दादाजानजवळ बसून पाच प्रश्न विचारायचे. आपल्या लहानपणी शाळा कुठे होती? १९५७ साली दशमान नाणी आली. त्याआधी सोळा आण्यांचा रुपया होता, त्याचा हिशेब कसा करीत? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आपण कुठे होता? जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. त्याआधी मुंबईला कसे जात होता? उत्तरे मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहायची. इतिहास आपल्या ओटीवर बसलेला असतो. आपण फक्त विचारीत नाही.

सहावे काम परदेशी असलेल्या वडिलांसाठी. आपल्यातले कितीतरी जण आखातात नोकरीला आहेत. फोनवर ते विचारतात, "अभ्यास करतोस ना?" मूल "हो" म्हणते, की विषय संपतो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा मुलाने फोनवर वडिलांना एक पान वाचून दाखवावे आणि वडिलांनी त्यावर एक प्रश्न विचारावा. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आणि सौदीचे अडीच तास मागे असते. तेव्हा फोन कितीला करायचा हे गणितही मुलानेच सोडवावे.

यात एका पैशाचेही साहित्य विकत आणावे लागत नाही, एक वही सोडली तर. ही कल्पना नवीनही नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांनी काम केले. महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा दगडगोटे, शंख-शिंपले, पाने आणि बिया यांनाच त्यांनी शिक्षणाची साधने केले. आजूबाजूला जे आहे त्यातून मूल शिकते, हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवून दिले.

आता चार पथ्ये. पहिले, मुलाची वही मोठ्यांनी लिहू नये. वाकडे अक्षर चालेल, उसने अक्षर नको. दुसरे, चुकले म्हणून मारू नये आणि शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. तिसरे, त्या अर्ध्या तासात टीव्ही आणि मोबाईल बंद, वडिलांचाही. चौथे पथ्य मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. मुलगी भाकऱ्या थापते आणि मुलगा अभ्यासाला बसतो, असे या कामात होता कामा नये. तांदूळ मुलाने मापावेत आणि मीटरचा आकडा मुलीने वाचावा. ज्या घरात मुलीला भांडी घासून झाल्यावर उरलेल्या वेळेत वही उघडावी लागते, त्या घरातली मुलगी हुशार असूनही मागे पडते. तिचे अर्धा तासाचे काम घरातल्या कोणीतरी उचलावे. भावाने उचलले तर उत्तमच.

शाळेच्या बाजूनेही जबाबदारी आहे. शुक्रवारी आलेली वही आम्ही वाचू, तिच्यावर फक्त बरोबरची खूण करून ठेवून देणार नाही. प्रत्येक आठवड्याला चार-पाच मुले आपले पान वर्गापुढे वाचतील, आणि ते कोणी सांगितले त्या व्यक्तीचे नावही वाचतील. 'माहिती देणार : माझी नानी.' ज्या मातेने आयुष्यात कधी सही केली नाही, तिचे नाव चाळीस मुलांपुढे शिक्षिका म्हणून घेतले जाईल. याचा परिणाम त्या मुलावर काय होईल याची आपणच कल्पना करावी.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो : घरी विचारायला लाजू नका. उत्तर येत नसेल तर वहीत "घरी कोणाला माहीत नव्हते" असे लिहा. तेही उत्तरच आहे. ते आपण वर्गात मिळून शोधू.

पालकहो, ट्यूशनला पैसे द्यायला आपण तयार आहात, हे मला माहीत आहे. मी पैसे मागत नाही. आठवड्यातला एक अर्धा तास मागतो. येत्या शनिवारी पहिले काम मापाचे आहे. माळ्यावरची पायली तेवढी खाली काढून ठेवा.

 

– एक शिक्षक, बी.ए., बी.एड.