रिकामा रकाना

फैजपूरच्या पदवीदान समारंभात पाहुण्या डॉक्टरांनी अभिनंदन दोन वाक्यांत आटोपलं. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन याच गावानं भरवलं, एवढी आठवण काढून त्या थेट वढू बुद्रुकला पोचल्या. डॉ. बानू कोयाजींनी पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं काम या खेड्यापर्यंत नेलं, लोकांचा विश्वास कमावला; लशींच्या चाचण्या तिथं आल्या त्या नंतर.

रोटाव्हायरसच्या लशीवर त्या बराच वेळ रमल्या. विषाणूचा ११६ई हा वाण १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडला, डॉ. महाराज किशन भान यांनी त्याचा ध्यास घेतला, हैदराबादच्या भारत बायोटेकनं लस बनवली. २०११ पासून दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथं ६,७९९ बाळांवर चाचणी झाली. तिन्हीकडे नियमावली एकच. कुणाला खरी लस मिळाली हे आईबापांना ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. सुरक्षिततेवर नजर ठेवणारं मंडळ स्वतंत्र. पहिल्या वर्षी रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबांपासून सुमारे ५६ टक्के संरक्षण दिसलं आणि २०१६ मध्ये ही लस राष्ट्रीय लसीकरणात आली.

हा ५६चा आकडा आला कुठून? घरोघर जाऊन बाळाला जुलाब झाले का, असं विचारणाऱ्या बायांकडून.

इथं डॉक्टरांचा आवाज चढला. उमेदीच्या काळात एका प्रकल्पावर वरिष्ठानं फ्रीजच्या तापमानाच्या वहीतले रिकामे रकाने ‘अंदाजानं’ भरायला सांगितले होते. त्यांनी नकार दिला, तेव्हा साऱ्या कचेरीनं अबोला धरला. त्याच प्रकल्पातल्या एका कार्यकर्तीनं मात्र नोंदवहीत सरळ लिहिलं होतं : घर बंद, बाळ आजोळी. त्या ओळीवरून तिला बोलणी खावी लागली, हे सांगताना त्यांचा संताप आजही ताजा होता.

“मुलांनो, तुमच्यातले काही लॅबमध्ये जाल, काही सर्वेक्षणाला. जे पाहिलं नाही ते लिहू नका. साहेबानं सांगितलं तरी नाही!” भाषणात हे त्यांनी तीनदा बजावलं.

गोवराची लस सुईऐवजी श्वासावाटे देण्याच्या चाचणीकडे त्या मध्येच वळल्या. पुणे परिसरातल्या दोन हजारांवर बाळांवर ती झाली. सुईनं लस घेतलेल्यांपैकी ९४.७ टक्के बाळांत प्रतिपिंडं आढळली, श्वासावाटे घेतलेल्यांत ८५.४ टक्के. आशा मोठी होती, तरी आकडे जसे आले तसे २०१५ मध्ये छापले गेले. ही चाचणी फसली असं कुणी म्हटलं की त्यांना राग येतो.

शेवटची तक्रार कंत्राटांची होती. प्रकल्प संपला की गावागावांत ओळख असलेल्या कार्यकर्त्या घरी बसतात आणि पुढच्या चाचणीला पुन्हा नवख्यांची भरती होते. दोन प्रकल्पांच्या मधल्या काळातही त्यांचा पगार चालू राहील, अशी तरतूद संशोधनाच्या अंदाजपत्रकातच हवी, अशी मागणी त्यांनी मंचावरच्या मान्यवरांकडे वळून केली.