आधी सूर जुळवू या

(मंडळाच्या वाद्यवृंदाच्या सरावाचा शुभारंभ करताना केलेले भाषण)



मी डिप्लोमा झालेला इंजिनिअर, रुळांवर काम करणारा माणूस. संध्याकाळी तबला वाजवतो, एवढाच माझा संगीताशी संबंध. तेव्हा वाद्यवृंदातल्या एकोप्यावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारले तर उत्तर एकच आहे : हा एकोपा मी स्वतः एकदा मोडला आहे.

त्याआधी आपल्या शेजारची एक गोष्ट सांगतो. आपल्याच जबलपूर मंडलात, कटनी-सतना मार्गावर मैहर स्टेशन आहे. आपण बहुतेक जण तिथे शारदामातेच्या दर्शनाला उतरतो. याच मैहर संस्थानात बाबा अल्लाउद्दीन खाँ दरबारी संगीतकार होते. पंडित रविशंकर, अली अकबर खाँ, अन्नपूर्णा देवी हे सारे त्यांचेच शिष्य. 1918 च्या सुमारास रोगाच्या साथीत अनाथ झालेल्या मुलांना बाबांनी जवळ केले, हाती वाद्ये दिली आणि मैहर बँड उभा केला. सतार, इसराज, हार्मोनियम, तबला आणि त्यांच्याच पंक्तीला व्हायोलिन व चेलो! बहुतेक मुलांना अक्षरओळख नव्हती. सगळ्या रचना तोंडपाठ. बाबा 1972 साली गेले, पण त्यांचा वाद्यवृंद मागे राहिला.

या मुलांनी एकमेकांना निवडले नव्हते. आपणही नाही. कोणी वर्कशॉपमधला, कोणी लेखा विभागातला, कोणी नागपूरचा, कोणी सोलापूरचा. बदलीने आणि नोकरीने आपल्याला एका सतरंजीवर आणून बसवले.

बाबांनी बंदुकीच्या नळ्या कापून ‘नलतरंग’ नावाचे वाद्य बनवले होते. आम्हा तांत्रिक माणसांना त्याचे फार कौतुक वाटते. नळी कापून आखूड केली की सूर चढतो. पण जरा जास्त कापली गेली, तर तो तुकडा परत जोडता येत नाही. रागात बोललेल्या शब्दाचेही तसेच असते. आता माझी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी आपल्या वाद्यवृंदात बासरी वाजवणारे एक ज्येष्ठ काका होते. रंगीत तालमीच्या दिवशी मी ब्लॉकचे काम आटोपून उशिरा आलो. काका म्हणाले, “दहा मिनिटे सूर मिळवून घेऊ.” मी म्हणालो, “चालेल हो काका, वेळ कुठे आहे?” आणि तालीम सुरू केली. भाद्रपदातली दमट हवा, माझ्या तबल्याचा सूर उतरलेला. बासरीही थंड असली की उतरते आणि फुंकर घालून तापली की चढते. कीबोर्ड मात्र जागचा हलत नाही. व्हायचे तेच झाले. तिसऱ्या गाण्यात मी हात थांबवला आणि सर्वांसमोर म्हणालो, “काका, बासरी बेसूर लागतेय.”

काका काही बोलले नाहीत. कार्यक्रमात नेहमीसारखे वाजवून गेले. पुढच्या वर्षी मात्र आले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत. आम्ही म्हणत राहिलो, त्यांना वेळ नसेल.

शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. ते म्हणाले, “अरे, बेसूर म्हणालास त्याचे काही नाही, बेसूर होतीच. पण सूर मिळवायला मीच सांगत होतो, हे तुला आठवलेसुद्धा नाही.” मी क्षमा मागितली, त्यांनी केलीही. पण तोवर त्यांचे पुढचे दात गेले होते आणि बासरीत पूर्वीसारखी फुंकर बसत नव्हती. आज ते तालमीला येतात, खुर्चीवर बसून ऐकतात. त्यांच्या बासरीची दोन वर्षे मंडळाने गमावली ती माझ्यामुळे.

आमच्या कामात याचे उत्तर होते, पण मला ते दिसले नाही. पूर्वी दोन रुळांमध्ये फट ठेवून फिशप्लेटने जोडत. उन्हाने रूळ वाढला की ती फट उपयोगी पडे. आता लांबच लांब रूळ सलग वेल्ड केलेले असतात. त्यांत तशी फट नसते, म्हणून रुळाची पकड सोडवून त्याला मोकळे करतात आणि ठरावीक तापमानाला पुन्हा आवळतात. याला डीस्ट्रेसिंग म्हणतात. हे नीट झाले नाही, तर मे महिन्याच्या उन्हात रूळ वाकतो. मनात साठलेला ताणही असाच वेळेवर मोकळा करावा लागतो. ऐन कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तो काढायला गेलो, तर काहीतरी वाकणारच.

म्हणून आम्ही काही नियम केले. तालमीची पहिली दहा मिनिटे फक्त सूर मिळवण्याची, कोणी कितीही उशिरा येवो. चूक दिसली तर ती ज्याची त्याला, बाजूला घेऊन सांगायची. एकट्याने वाजवायची जागा दरवर्षी वेगळ्याला द्यायची. आणि जूनमध्ये, वाद्ये बाहेर काढण्याआधी, एक बैठक फक्त तक्रारींसाठी ठेवायची. गेल्या वर्षी त्या बैठकीत सर्वांत जास्त तक्रारी माझ्याबद्दलच होत्या. मी फार जोरात वाजवतो म्हणे! ऐकून घेतले. हात थोडा हलका केला आहे, आपण ऐकालच.

सारी दुनियाही एका सुरावर सहजी आली नाही, मित्रहो. प्रमाण सूर 440 कंपनांचा असावा हे ठरवायलासुद्धा 1939 साली लंडनमध्ये अनेक देशांना परिषद भरवावी लागली. आपल्याला तर फक्त दहा मिनिटे लागतात.

आज काका समोर बसले आहेत. तालमीचा पहिला ‘सा’ बरोबर लागला की नाही, हे त्यांनीच सांगावे अशी त्यांना विनंती करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

गणपती बाप्पा मोरया!